नागपुरात राहून प्लॅब २ची तयारी: रोलप्लेअर पेशंटसमोर बसण्याआधी काय काय करावं

बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना यूकेत काम करण्यासाठी प्लॅब ही दोन टप्प्यांची परीक्षा द्यावी लागते. मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी कॉलेजांतून इंटर्नशिप संपवून यूकेला जायचं ठरवलेल्या मुलामुलींचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नोट्स कुठल्या वाचू?" प्लॅब १साठी हा प्रश्न योग्यच आहे. प्लॅब २साठी मात्र नोट्सच्या आधी माणसं जमवावी लागतात. ही परीक्षा बोलून, ऐकून आणि हाताने करून दाखवायची आहे. ती तयारी नागपुरात बसून उत्तम होते, मी इथेच केली. फक्त कोणत्या क्रमाने काय करायचं हे कुणी सांगितलेलं असलं की बराच गोंधळ वाचतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक खुलासा: या लेखात जीएमसी म्हणजे यूकेची जनरल मेडिकल कौन्सिल, तिकडे डॉक्टरांची नोंदणी करणारी आणि प्लॅब घेणारी संस्था. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजलाही जीएमसी म्हणतात, पण त्याला मी मेडिकलच म्हणणार आहे.

१. आधी परीक्षा समजून घ्या

प्लॅब १ म्हणजे तीन तासांत 180 बहुपर्यायी प्रश्न. तो पेपर भारतातही देता येतो. प्लॅब २ फक्त मँचेस्टरला होते. तिच्यात 16 प्रसंग म्हणजे स्टेशनं असतात आणि प्रत्येकाला आठ मिनिटं मिळतात. आत जाण्याआधी सूचना वाचायला दीड मिनिट. आत बहुतेक वेळा रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे रोलप्लेअर असते आणि एक परीक्षक. परीक्षक सहसा काही बोलत नाहीत, शांतपणे बघत असतात. काही स्टेशनांवर पुतळा असतो, काहींवर फोन.

गुण तीन गोष्टींना असतात: माहिती काढणं व तपासणी, उपचारांचं नियोजन, आणि रुग्णाशी वागणं-बोलणं. प्रत्येकाला 0 ते 4. म्हणजे एका स्टेशनचे 12 गुण धरले तर त्यातले चार नुसत्या वागण्या-बोलण्याचे आहेत, आणि बाकीच्या आठांपैकीही बरेच नीट ऐकल्याशिवाय मिळत नाहीत. एकूण गुण तर लागतातच, शिवाय ठरावीक संख्येने स्टेशनंही पास व्हावी लागतात. त्यामुळे चार-पाच स्टेशनं फार सुंदर झाली आणि बाकीची गडगडली, तर उपयोग नाही.

2024 पासून ही परीक्षा यूकेतल्या विद्यार्थ्यांच्या एमएलए म्हणजे मेडिकल लायसन्सिंग असेसमेंट या परीक्षेच्या अभ्यासक्रमाला जोडलेली आहे. तो आराखडा जीएमसीच्या साइटवर मोफत आहे. तिथेच नमुना स्टेशनांचे व्हिडिओही आहेत. बाकी काहीही विकत घेण्याआधी हे दोन्ही बघून घ्या.

२. कागदपत्रं, आणि नावाची भानगड

हे काम कंटाळवाणं आहे, पण सुरुवात इथूनच करा, कारण यात वेळ आपल्या हातात नसतो. लागणाऱ्या गोष्टी:

- चालू मुदतीचा पासपोर्ट
- जीएमसीचं ऑनलाइन खातं आणि प्लॅब १चा निकाल
- इंग्रजीचा पुरावा: आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7, किंवा ओईटी मेडिसिनमध्ये चारही भागांत बी ग्रेड
- एमबीबीएसची पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र
- महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी
- पदवीची 'एपिक' पडताळणी. ही नोंदणीच्या वेळी लागते, पण त्यात पदवी खरी असल्याचं विद्यापीठाकडून कळवलं जावं लागतं. आपल्या बाबतीत ते विद्यापीठ नाशिकला आहे. अर्ज लवकर टाका आणि पाठपुरावा करत राहा.

आता नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे गाळलेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर तिसरंच काही असतं. जीएमसीच्या खात्यात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, कारण परीक्षेच्या दिवशी ओळख पासपोर्टवरूनच पटवली जाते. पदवीवरच्या नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आताच काढून ठेवा. ऐन परीक्षेच्या महिन्यात कोर्टाबाहेर नोटरी शोधत फिरायची वेळ कुणावर येऊ नये.

३. ओपीडीतल्या सवयी ओळखा

आपल्याकडे वैद्यकीय ज्ञान कमी पडत नाही. इंटर्नशिपमध्ये आपण जेवढे पेशंट बघतो तेवढे तिकडच्या मुलांना कित्येक महिन्यांत दिसत नाहीत. अडतं ते सवयींपाशी. सोमवारी सकाळी मेडिसिनच्या ओपीडीत दाराबाहेर रांग लागलेली असताना आपण जे शिकतो, ते त्या जागी अगदी गरजेचंच असतं. मँचेस्टरच्या त्या खोलीत मात्र त्याच गोष्टी आड येतात. मला सगळ्यात जास्त आढळलेल्या सवयी अशा:

नातेवाइकाशी बोलणं. आजी समोर बसलेली असते आणि आपण मुलाला विचारतो, "किती दिवसांपासून आहे?" तिकडे निर्णय रुग्णाचा आणि माहितीही रुग्णाची. नवरा फोन करून बायकोचा रिपोर्ट विचारतोय, असं स्टेशन येऊ शकतं. आपल्या मनाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण बायकोच्या परवानगीशिवाय काहीही सांगायचं नाही, आणि हे त्याला न दुखावता समजावायचं, हीच तिथली परीक्षा.

आधीच ठरवून मोकळं होणं. "ही औषधं घ्या, पाच दिवसांनी दाखवा." तिकडे पर्याय सांगायचे, फायदे-तोटे सांगायचे, मग विचारायचं की तुम्हाला काय योग्य वाटतं.

खाली मान घालून लिहीत राहणं. रुग्ण बोलता बोलता थांबला, गळा दाटला, नजर चुकवली, तर ते दिसायला हवं. रोलप्लेअर अशा खुणा मुद्दाम देतात. "घरी सगळं ठीक आहे" म्हणताना आवाज पडला, तर पुढचा प्रश्न तिथेच विचारायचा.

आणि संकोच. आपण इथे खर्रा, तंबाखू, विडीबद्दल सहज विचारतो. लैंगिक संबंधांबद्दल, अमली पदार्थांबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल विचारताना जीभ अडते. हे प्रश्न मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायची सवय करा. आधी का विचारतोय ते सांगायचं, मग सरळ विचारायचं. दारूबद्दल विचारताना 'युनिट' या तिकडच्या मापात हिशेब करायला शिका. तिकडचा सल्ला आठवड्याला 14 युनिटच्या वर जाऊ नये असा आहे.

४. सराव डॉक्टर नसलेल्या माणसांबरोबर करा

या लेखातला एकच मुद्दा लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा.

सरावासाठी गट लागतोच. तिघांचा गट उत्तम: एक डॉक्टर, एक पेशंट, एक परीक्षक आणि त्याच्या हातात टायमर. पाळीपाळीने भूमिका बदला. सूचनांचा कागद दाराला बाहेरून चिकटवा, दीड मिनिट उभ्याने वाचा, मगच दार उघडून आत या. बसल्या जागी "चल, सुरू करू" असं करू नका. ओळखीच्या पलंगावर बसून केलेल्या सरावात आत शिरतानाची ती धडधड येतच नाही.

पण डॉक्टर मित्र पेशंट म्हणून फार सोयीचे असतात. त्यांना पुढचा प्रश्न माहीत असतो, अवघड शब्द कळतात, आणि तुमचे बोलणे संपायच्या आधीच त्यांची मान हलते. म्हणून आठवड्यातून निदान दोनदा घरातलं, शेजारचं, वैद्यकाशी संबंध नसलेलं माणूस समोर बसवा. मी धरमपेठेत राहत होतो तिथले घरमालक काका यासाठी आनंदाने तयार झाले. शाळेतून निवृत्त झालेले, बोलायला खमके.

त्यांना एकदा कार्ड दिलं: तुम्ही चाळिशीचे सेल्समन आहात, रोज गाडी घेऊन फिरता, काल पहिल्यांदाच फिट आली. स्टेशनचं काम असं की तपासण्या समजावून सांगायच्या आणि गाडी चालवायची नाही हे सांगायचं. यूकेचा नियम स्पष्ट आहे. कारण सापडलेलं नाही अशी पहिलीच फिट असेल तर साधी कार साधारणपणे सहा महिने चालवता येत नाही, आणि डीव्हीएलए या परवाना खात्याला रुग्णाने स्वतः कळवायचं असतं. हेच स्टेशन आमच्या गटात झालं होतं तेव्हा मित्र "ओके डॉक्टर" म्हणून मोकळा झाला होता. काकांना मी नियम सांगितला. ते माझ्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "सहा महिने? अन् मी खाऊ काय? पोरीची फी तुम्ही भरून राहिले का, डॉक्टर?"

हाच खरा पेशंट. इथे नियम पुन्हा सांगून भागत नाही. आधी थांबायचं. हे ऐकणं त्यांना किती जड गेलं ते मान्य करायचं. मग कामाबद्दल विचारायचं: मालकाशी बोलणं झालंय का, काही दिवस ऑफिसमधलं काम मिळेल का, घरात दुसरं कोणी गाडी चालवतं का. शेवटी, नियम का आहे ते सांगायचं: गाडीत फिट आली तर तुमच्यासह रस्त्यावरच्या इतरांचाही जीव जाऊ शकतो. सल्ला देऊनही रुग्ण गाडी चालवतच राहिला, तर डॉक्टर डीव्हीएलएला कळवू शकतो, पण तसं करण्याआधी रुग्णाला सांगायचा प्रयत्न करायचा. हे सगळं पुस्तकात आहे. काकांच्या त्या एका प्रश्नानंतर ते माझ्या तोंडात बसलं.

भाषेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्या फेऱ्या बिनधास्त मराठीत करा. वाईट बातमी मराठीत, आपल्या माणसाला नीट सांगता येत नसेल, तर इंग्रजीतली पाठ केलेली वाक्यं तुम्हाला तारणार नाहीत. घरातल्या मावशींना डायबेटिस म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगा. "मले काहीच समजून नाही राहिलं, बाप्पा" असं त्या म्हणाल्या, तर तुमचं समजावणं कच्चं आहे आणि ते इंग्रजीतही कच्चंच असेल. मराठीत जमलं की इंग्रजीकडे वळा आणि मग शेवटपर्यंत इंग्रजीतच राहा.

इंग्रजीसाठी यूकेत आधीच पोहोचलेला एखादा सीनियर शोधून व्हिडिओ कॉलवर सराव करा. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, हिवाळ्यात साडेपाच. तिकडच्या रुग्णांची बोली ऐकून घ्या. 'वॉटरवर्क्स'चा त्रास म्हणजे लघवीचा. 'फनी टर्न' आला म्हणजे चक्कर किंवा क्षणभर शुद्ध हरपली. 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे मुंग्या. 'टमी' म्हणजे पोट. समजलं नाही तर नम्रपणे पुन्हा विचारा, त्यात काहीच कमीपणा नाही.

५. आठ मिनिटांचा हिशेब

पहिलं मिनिट: नाव सांगा, रुग्णाचं पूर्ण नाव आणि वय विचारून खात्री करा, त्यांना काय म्हणून हाक मारू ते विचारा. मग एक मोकळा प्रश्न टाका आणि गप्प बसा. समोरच्याला पहिलं वाक्य पूर्ण करू द्या.

पुढची अडीच-तीन मिनिटं इतिहास, म्हणजे आजाराची माहिती विचारून घेणं. यात तीन प्रश्न सोडू नका: तुम्हाला स्वतःला हे काय असावं असं वाटतं, सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते, आणि आज माझ्याकडून काय अपेक्षा आहे. हे तिन्ही एकापाठोपाठ, फॉर्म भरल्यासारखे विचारू नका. छातीत दुखणारा माणूस "माझे वडीलही असेच..." म्हणाला, की काळजीचा प्रश्न तिथेच येतो.

मग तपासणी. परवानगी, काय करणार ते सांगणं, खाजगी भागाची असेल तर सोबतीला तिसरी व्यक्ती म्हणजे शॅपरोन देऊ करणं. पुष्कळदा परीक्षक निष्कर्ष हातात देतात.

उरलेला वेळ समजावण्याचा, आणि तो किमान तीन मिनिटं हवा. सहा मिनिटं झाली की दोन मिनिटं उरल्याची सूचना होते. तोपर्यंत उपचारांबद्दल एक अवाक्षरही काढलं नसेल तर स्टेशन हातातून चाललं समजा. नवीन मुलांची सगळ्यात जास्त स्टेशनं इथेच जातात. इतिहास छान घेतात, पण घेतच राहतात. शेवटी 'सेफ्टी नेट' सांगा: कोणतं लक्षण दिसलं तर लगेच यायचं, कधी तातडीच्या मदतीचा 999 लावायचा आणि कधी एरवीच्या सल्ल्याचा 111.

"आय अ‍ॅम सॉरी टू हिअर दॅट" हे वाक्य मनापासून एकदा म्हणा. प्रत्येक उत्तरानंतर म्हटलं की समोरच्याला तुम्ही ऐकत नाही आहात हेच कळतं.

६. तिकडचे नियम

- उपचार नाइस या तिकडच्या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे. एनएचएस म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या साइटवरची रुग्णांसाठीची पानं आवर्जून वाचा. समजावून सांगायची सोपी इंग्रजी तिथे आयती मिळते.
- जीएमसीची 'गुड मेडिकल प्रॅक्टिस' ही डॉक्टरांची आचारसंहिता, 2024 पासून लागू असलेली आवृत्ती. सहकारी दारू पिऊन ड्युटीवर आला, आपल्या हातून चुकीचं औषध गेलं, अशी स्टेशनं यातून सुटतात. चूक झाली तर रुग्णाला स्वतःहून सांगायचं, माफी मागायची, पुढे काय करणार ते सांगायचं.
- निर्णयक्षमता म्हणजे कपॅसिटी, आणि 16 वर्षांखालच्या मुलांची संमती.
- औषधांची मूळ नावं. क्रोसिन, पॅन, ऑगमेंटिन ही आपली रोजची भाषा तिथे चालायची नाही. पॅरासिटामॉल, पॅन्टोप्राझोल, को-अमॉक्सिक्लॅव अशी तोंडाला सवय लावा, आणि बीएनएफ हे तिकडचं औषधांचं संदर्भपुस्तक कसं वापरायचं ते शिका.

सर्पदंश, उष्माघात, स्क्रब टायफस यांतलं आपलं ज्ञान इथे फारसं उपयोगी पडणार नाही. पण विदर्भातल्या डॉक्टरांची एक जमेची बाजू आहे: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मेडिकल-मेयोच्या वॉर्डात त्या वेदनेने कळवळणारी पोरं आपण पाहिलेली असतात. यूकेतही हा आजार आहे, मुख्यतः आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या कुटुंबांत. नाइस सांगतं की क्रायसिसमध्ये, म्हणजे वेदनेच्या तीव्र झटक्यात, रुग्ण आल्यापासून 30 मिनिटांच्या आत वेदनाशामक द्यायला हवं. रुग्ण म्हणतोय तेवढं दुखतंय यावर विश्वास ठेवणं, हे आपल्याला वॉर्डाने शिकवलेलं असतं. ते तिथे दिसू द्या.

७. पुतळ्यावरची कामं

रक्त काढणं, कॅन्युला, कॅथेटर, टाके, स्तनतपासणी, कान आणि डोळा बघणं. कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये परवानगी काढून हात साफ करून घ्या. हात सगळ्यांचे बसलेले असतात. राहून जातं ते बोलणं. पुतळा असला तरी परवानगी मागायची, दुखेल का ते सांगायचं, हात धुवायचे, सुई लगेच शार्प्सच्या डब्यात टाकायची. अत्यवस्थ रुग्णाच्या स्टेशनला एबीसीडीई क्रम (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग बाकीचं शरीर) मोडू नका, आणि प्रत्येक उपायानंतर पुन्हा तपासून बघा. वेळेवर सीनियरला बोलावणं हा कमीपणा धरला जात नाही, उलट अपेक्षित असतं.

८. क्लास लावायचा का?

जीएमसीने कोणत्याही क्लासला मान्यता दिलेली नाही. काही क्लास खरंच चांगला सराव करून घेतात, पण तयार संवाद पाठ करून घेणाऱ्यांपासून लांब राहा. परीक्षकांना पाठांतर पहिल्या मिनिटात कळतं. 'मागच्या परीक्षेत आलेली स्टेशनं' म्हणून फिरणाऱ्या फायली तर उघडूच नका. परीक्षेतला मजकूर बाहेर सांगणं हा गैरप्रकार आहे, आणि असल्या स्टेशनमध्ये बारीक बदल असला की पाठ केलेलं उत्तर सरळ खड्ड्यात नेतं.

९. व्हिसा आणि प्रवास

आधी तारीख मिळवा. जागा लवकर भरतात, म्हणून खात्यावर नजर ठेवा. प्लॅब १च्या निकालाला मुदत असते, आणि प्लॅब २चे साधारण चारच प्रयत्न मिळतात. उगाच घाईने तारीख घेऊ नका.

व्हिसा स्टँडर्ड व्हिजिटर प्रकारचा. प्लॅबसाठी तो चालतो. जीएमसीकडून आलेली परीक्षेची निश्चिती, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पैसे वडील देणार असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचीही कागदपत्रं, राहण्याची सोय, परत येण्याचं कारण. खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा पुरावा जोडा. सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीला टीबीची तपासणी लागत नाही, त्यावर खर्च करू नका. बायोमेट्रिक्ससाठी मी मुंबई गाठली. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसने निघालं की सकाळी तिथे, दुपारची वेळ घेतली तर धावपळ होत नाही.

मँचेस्टरला परीक्षेच्या निदान आठवडाभर आधी पोहोचा. झोपेचं चक्र बसायला वेळ लागतो, आणि बस, दुकान, शेजारी यांच्याशी बोलून कान तयार होतात.

१०. परीक्षेच्या दिवशी

पासपोर्ट. कोपरापर्यंत हात उघडे राहतील असा साधा, इस्त्री केलेला पोशाख. घड्याळ, कडं, बांगड्या नाहीत. पांढरा कोट नाही. साहित्य केंद्रावरच मिळतं.

एखादं स्टेशन बिघडलं तर ते दाराबाहेर पडताच सोडून द्या. पुढच्या खोलीतल्या परीक्षकाला मागचं काहीही माहीत नसतं. दीड मिनिटात सूचनांतलं काम नेमकं काय दिलंय ते दोनदा वाचा. 'समजावून सांगा' लिहिलेलं असताना पाच मिनिटं इतिहास घेणारे बरेच असतात.

बाहेर आल्यावर मित्रांच्या ग्रुपवर स्टेशनं लिहू नका. निकालाची वाट बघताना एपिकची पडताळणी कुठवर आली ते बघा. गुड स्टँडिंग सर्टिफिकेटचं, म्हणजे डॉक्टर म्हणून तुमच्यावर काही कारवाई नाही या दाखल्याचं, काम आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपासून सुरू होतं, त्याचे फॉर्म भरून तयार ठेवा. पण प्रत्यक्ष अर्ज निकाल लागल्यावरच टाका: जीएमसीला ते प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आतलं लागतं, आधीच काढून ठेवलेलं वाया जातं.